वाढीव वॉरंटी आणि माझं नाक

धाकट्या मेहुण्याच्या घराची वास्तुशांत होती. वडील जावई म्हणून मला पुढे बसवलं होतं. मानाच्या जागी बसलेल्या माणसानं काहीतरी चांगलं बोलायला हवं, असं मला उगीचच वाटतं. मी डोळे मिटले, हात जोडले आणि भरल्या आवाजात म्हणालो, "वा! काय दरवळतेय उदबत्ती. मन कसं प्रसन्न झालं."

डोळे उघडून पाहतो तो मेहुणा काड्यापेटी हातात धरून उभा. उदबत्ती अजून पेटायची होती.

"जिजाजी," तो म्हणाला, "पेटवू, की तुमचं झालं?"

गुरुजींसकट सगळे हसले. मीही हसलो. हसली नाही ती फक्त आमची ही. ती माझ्या नाकाकडे बघत होती. मला वास जरा कमी येतो, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. अजिबात येत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं.

नाकाची कथा साधी आहे. मी मिलच्या ब्लीचिंग खात्यात सुपरवायझर होतो. मागावरून निघालेलं पिवळट, मळकट कापड आमच्याकडे यायचं आणि पांढरंशुभ्र होऊन पुढे जायचं. ज्या क्लोरीननं कापड धुतलं त्यानंच हळूहळू माझं नाकही धुऊन काढलं. आमच्या खात्यात एक रीत होती. क्लोरीनच्या नळाजवळ नेहमी सगळ्यात नव्या माणसाला उभं करायचं. जुन्या माणसांना वास कळत नसे, त्यामुळे नळ कुठे गळतोय हे त्यांना कधी समजायचंच नाही. नवा माणूस मात्र लगेच खोकायला लागायचा. तो खोकला की आम्ही सगळे बाहेर. काही वर्षांनी त्याचंही नाक जायचं, मग तो मागे सरायचा आणि दुसरा नवा पुढे. मीही असाच पुढून मागे सरत सुपरवायझर झालो होतो.

मिल चालू होती तोवर गेलेल्या नाकाचं मला काही वाटलं नाही. वडिलांनी मला मिलमध्ये लावलं तेव्हा ते म्हणाले होते, "आता तुझी काळजी मिटली." इंदुरात तेव्हा सगळे असंच समजत. भोंगा झाला की घड्याळं लावायची, भोंगा झाला की डबा भरायचा. मग एक दिवस रात्रपाळी बंद झाली. मग सूतखात्याला कुलूप लागलं. मागांचा आवाज एकेका रांगेनं कमी होत गेला. आमचं खातं शेवटपर्यंत चाललं, कारण विणून पडलेलं कापड पांढरं तर करायला हवं होतं. सगळी मिल मुकी आणि आम्ही तेवढे पाण्यात कापड घुसळतोय. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मेलेल्या माणसाच्या घरात कुणीतरी भांडी घासत बसावं, तसा.

मिल बंद पडली तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. देशात म्हणे सगळं खुलं झालं होतं. नव्या गाड्या, नवे टीव्ही, दुकानांना काचेची दारं. मीही केस काळे करून सांवेर रोडवरच्या कारखान्यांत फिरलो. फाटकावरचा माणूस विचारायचा, "उमर?" मी सांगायचो. तो म्हणायचा, "फोन कर देंगे." फोन घरात नव्हताच, त्यामुळे तो आला नाही याचं दुःख करायचं कारण नव्हतं. एकदा पेपरात जाहिरात आली: उदबत्तीच्या कारखान्यात अनुभवी सुपरवायझर पाहिजे. हिनं ती वाचली, पेपरची घडी केली आणि गादीखाली सरकवून दिली.

व्हॅनची कल्पना तिचीच. ती घरी ब्लाउज शिवायची. मापं द्यायला येणाऱ्या बायका मुलांच्या शाळेचं रडगाणं गायच्या. आमच्या नंदानगरापासून शाळा लांब, पार तुकोगंजाकडे. रिक्षात मुलं दाराबाहेर लोंबकळत जायची. ही मला म्हणाली, "तुम्हाला गाडी चालवता येते. बोलता गोड. मुलांवर ओरडत नाही. अजून काय लागतं?"

जुनी व्हॅन घेतली. पण पेट्रोलवर चालवली असती तर आयांना परवडली नसती, आणि त्यांना परवडेल अशा भाड्यात चालवली असती तर आम्हाला. त्याच सुमारास गाड्यांना गॅसचं किट बसवून मिळायला लागलं होतं. मागच्या बाकाखाली गॅसची टाकी, पुढे स्टिअरिंगजवळ एक बटण. बटण इकडे केलं की पेट्रोल, तिकडे केलं की गॅस. एकच गाडी, दोन इंधनं. तेव्हा ही म्हणजे फारच पुढची गोष्ट वाटायची.

किटचं दुकान सांवेर रोडवर होतं. आत एसी, भिंतीवर परदेशातल्या रस्त्यांचे फोटो. मालक माझ्याच वयाचा, अंगठ्या घातलेला, तोंडात साखर.

"भिया, एक साल की वॉरंटी तो कंपनी देती है," तो म्हणाला. "एक्स्टेंडेड ले लो. तीन साल और. फिर टेंशन ही खतम."

"उसमें क्या-क्या आएगा?"

"सब! पाइप, वॉल्व, रेग्युलेटर, स्विच. जो बिगड़ा, नया लगा के देंगे."

मी आवाज खाली केला. "और लीक-वीक हुआ तो?"

"अरे भिया, शुभ-शुभ बोलो! होगा ही नहीं. और हुआ तो पार्ट फ्री."

मी विचार करतो म्हणालो. तो म्हणाला, करा, पण पहिल्या सर्व्हिसिंगच्या आत सांगा, महिनाभराची मुदत, नंतर मिळणार नाही. एक छापील कागद त्यानं माझ्या खिशात सारला.

आता तुम्ही म्हणाल, घ्यायची होती की सरळ. मेहुणाही तेच म्हणाला. तो संध्याकाळी आला, चहा पिता पिता त्यानं मला सगळं जग समजावून सांगितलं.

"जिजाजी, जमाना बदल गया. आता नोकरीची गारंटी नाही, मशीनची तरी घेऊन ठेवा. तुमच्या मिलच्या मशिनींची कुणी गारंटी घेतली होती?"

"मिलमधली मशीन बिघडली नव्हती रे," मी म्हणालो. "मशीन चालूच होती. मिल बंद पडली."

"तेच तर!" तो म्हणाला. तेच म्हणजे काय, ते त्यालाही सांगता आलं नसतं, पण असं जोरात म्हटलं की मी गप्प बसतो हे त्याला माहीत होतं.

तो गेल्यावर हिनं शिलाई मशीन थांबवलं आणि तो कागद वाचायला घेतला. ती अटी मोठ्यानं वाचते. रेशन दुकानाच्या पाटीपासून सगळं मोठ्यानं वाचते. दोन-चार अटी झाल्या आणि ती थांबली. मग पुन्हा, सावकाश वाचलं: "गॅसचा वास आल्यास वाहन तत्काळ थांबवावे व विक्रेत्यास कळवावे. विलंब झाल्यास वॉरंटी रद्द समजली जाईल."

बाहेर कुणाच्या तरी घरी पापड भाजत होते. म्हणजे तसं तीच म्हणाली, "शेजारी पापड भाजतायत." मला काय कळणार.

"घ्या किंवा नका घेऊ," ती शेवटी म्हणाली, "पण आधी हे सांगा, वास कुणाला येणार?"

"दहा मुलं असतात गाडीत," मी म्हणालो. "कुणालातरी येईलच की."

हे मी अगदी सहज म्हणालो. त्यात काही भयंकर आहे असं मला म्हणताना वाटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून गाडी गॅसवर सुरू झाली, आणि माझा तो महिनाही. आया मुलांना आणून सोडायच्या, खिडकीत वाकून विचारायच्या, "अंकलजी, गैस वाली है ना? डर तो नहीं कुछ?" मी म्हणायचो, "गारंटी है, भाभीजी." त्यांचा चेहरा सैल व्हायचा. माझा आवळायचा. मला स्वतःला ज्या शब्दावर भरवसा नव्हता तोच मी रोज सकाळी खिडकीतून वाटत होतो, प्रसादासारखा.

गतिरोधक आला की मी गाडी जवळजवळ थांबवायचो. तरी गाडी आदळली की मागे एखादी फट उघडली असेल असं वाटायचं. पाइपाचा जोड मला दिसायचा नाही, म्हणून तो डोळे मिटले तरी दिसायचा. थंडी पडायला लागली होती, पण मी सगळ्या काचा उघड्या ठेवायचो. मुलं कुडकुडायची. "अंकल, कांच बंद करो ना!" मी म्हणायचो, "ताजी हवा आहे, अक्कल वाढते." रस्त्यापेक्षा मी आरशातच जास्त बघायचो. आरशात दहा नाकं. कुणी नाक मुरडतंय का, कुणी तोंडावर रुमाल धरतंय का. सरदार असल्यासारखा मी माझ्या फौजेची नाकं तपासत तुकोगंजापर्यंत जायचो.

मागच्या बाकावर, टाकीच्या अगदी वर, पहिलीतली एक मुलगी बसायची. सगळ्यात लहान, म्हणून त्या कोपऱ्यात तीच मावायची. शाळेत नवी, गाडीत नवी. एकदा सिग्नलला आरशात तिच्याकडे बघता बघता मला एकदम ब्लीचिंग खातं आठवलं. क्लोरीनचा नळ. नळाजवळ उभा केलेला सगळ्यात नवा माणूस. तो खोकला की आपण बाहेर.

सिग्नल हिरवा झाला. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. मी अजून आरशातच बघत होतो.

त्यानंतर दोनच दिवसांनी ती मुलगी म्हणाली, "अंकल, बदबू आ रही है."

मी गाडी थांबवली नाही, ती माझ्या हातातून थांबलीच म्हणा. किल्ली काढली, उडी मारली, दार ओढलं. "उतरा! सगळे उतरा! दफ्तर राहू द्या!" नाल्यावरच्या पुलाशी दहा मुलं रांगेत उभी केली, गाडीपासून लांब. रस्त्यातल्या एका सायकलवाल्याला हात जोडून म्हणालो, "भैया, जरा सूंघ के बताओ." तो मला वेडा समजला असणार, पण इंदूरचा माणूस, फुकटच्या भानगडीला नाही म्हणत नाही. गाडीत डोकं घालून त्यानं इकडे-तिकडे हुंगलं आणि एक डबा उचलून बाहेर आला. चौथीतल्या एका मुलाच्या डब्यात मुळ्याचे पराठे होते.

मुलं हसून लोटपोट झाली. शाळेला उशीर झाला. संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीत बातमी. पराठ्यांची आई दारात आली, चिडलेली आणि थोडी लाजलेलीही. "अंकलजी, मूली ही तो थी. आपने बच्चों को सड़क पे खड़ा कर दिया. आप तो कहते थे गारंटी है?"

"है ना," मी म्हणालो. "गारंटी है."

"फिर डरते किस बात से हो?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते तिला दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी गाडी रिकामी गेली असती. ही शिलाई मशीनवर बसून सगळं ऐकत होती. तिनं पायाखालची पट्टी थांबवली, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा चालू केली.

महिना संपत आला. वाढीव वॉरंटीचा निर्णय झालेला नव्हता. मी रोज सकाळी ठरवायचो घ्यायची, कारण भीती वाटत होती. आणि रोज संध्याकाळी ठरवायचो नको, कारण भीती काही पाइपाची नव्हती. पाइप फुटला तर पाइप बदलून मिळेल. एवढंच त्या कागदावर लिहिलं होतं. मी तो इतक्यांदा वाचला की घडीवरून फाटायला लागला.

सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवसाची गोष्ट. मुलं गाडीत बसली होती. थंडी जोरात होती आणि मुलांनी माझं न ऐकता काचा लावून घेतल्या होत्या. मी म्हटलं, चला, निघाल्यावर उघडू. किल्लीला हात लावला तोच ही घरातून धावत आली. माझा मफलर राहिला होता. तिनं खिडकीतून हात आत घातला, मफलर माझ्या मांडीवर ठेवला, आणि तो हात तसाच राहिला.

"किल्ली काढा," ती म्हणाली. आवाज अगदी हळू, झोपलेल्या मुलाजवळ बोलावा तसा.

"काय झालं?"

"किल्ली काढा. काढलीत? आता मुलांना माझ्या बाजूनं उतरवा. सावकाश. कुणी पळू नका रे, आज आमच्याकडे पोहे आहेत."

मुलं पोह्यांच्या नावानं भराभर उतरली. मागच्या कोपऱ्यातली ती छोटी सगळ्यात शेवटी. उतरताना तिनं बाहीनं नाक पुसलं. नाक लाल, डोळ्यांत पाणी.

"तुला वास नाही आला गं?" मी विचारलं.

"जुकाम है, अंकल," ती म्हणाली.

ही मुलांना घेऊन घरात गेली. मी एकटा गाडीजवळ उभा राहिलो. काही जळत नव्हतं, काही आवाज नव्हता. माझ्यापुरती ती रोजच्यासारखीच गाडी होती. आपल्यासमोर मरण आहे आणि आपल्याला ते पूर्णपणे नेहमीसारखं दिसतंय, ही भीती कशी असते ते मला सांगता येणार नाही. मिलच्या फाटकावर नोटीस लागली त्या दिवशीसुद्धा मी इतका घाबरलो नव्हतो. तिथे निदान वाचायला काहीतरी होतं.

ती परत आली. एका वाटीत साबणाचा फेस, दुसऱ्या हातात माझा दाढीचा ब्रश. घरचा सिलिंडर बदलला की ती नेहमी असंच करते. मला ती सवय म्हणजे बायकी संशय वाटायचा. तिनं सगळी दारं उघडली, टाकीचा नळ माझ्याकडून बंद करून घेण्याआधी म्हणाली, "आधी बघा. कुठून येतोय ते बघून घ्या." आणि फेस पाइपाच्या जोडावर लावला.

फेसातून एक बुडबुडा उगवला. हरभऱ्याएवढा झाला, फुटला. मग दुसरा. मग तिसरा. कुठलाही आवाज न करता, एकामागून एक. महिनाभर मी ज्याला भीत होतो ते मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसत होतं. मी नळ आवळला. बुडबुडे थांबले. मी मात्र तिथेच फुटपाथवर बसलो.

मुलांना पोहे देऊन तिनं दोन रिक्षांनी शाळेत पोचवलं. मी टाकी बंद ठेवून, पेट्रोलवर, सांवेर रोडला गेलो.

दुकानाच्या मिस्त्रीनं जोड काढून नवा बसवला. चहा पिऊन होईपर्यंत काम झालं. मालक हात चोळत आला.

"देखा भिया! वॉरंटी में था, एक पैसा नहीं लगा. अब तो मानते हो? एक्स्टेंडेड बना दूं?"

मी म्हणालो, "एक बात बताओ. पार्ट खराब हो गया ये मुझे कौन बताएगा?"

तो हसला. "अरे, आपको बास आएगी ना!"

"मुझे नहीं आती."

"मतलब सर्दी-वर्दी..."

"मतलब बिल्कुल नहीं आती. मिल में था. ब्लीचिंग में."

त्याचं हसू चेहऱ्यावरच अर्धं राहिलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग काचेतून व्हॅनकडे, व्हॅनच्या पाठीवर लिहिलेल्या 'स्कूल वॅन' या अक्षरांकडे. त्याची दोन मुलंही कुठल्यातरी व्हॅननं शाळेत जात होती, हे त्यानं मला पूर्वी अभिमानानं सांगितलं होतं. टेबलावर काढलेला फॉर्म त्यानं हळूच ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

"भिया," तो म्हणाला, आणि त्या आवाजात साखर नव्हती, "फिर आप ये मत लो. मेरी मानो तो पेट्रोल पे ही चलाओ."

महिनाभर माझी एकट्याची असलेली भीती त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर बघून मला, खोटं कशाला सांगू, थोडं बरं वाटलं.

पण पेट्रोलवर चालवायची म्हणजे गाडी बंद करायची. घरी येऊन मी तेच सांगितलं. गाडी विकून टाकू, म्हणालो. फाटकावर वॉचमन म्हणून कुठेतरी राहीन. वॉचमनला नाक लागत नाही.

ही ऐकत होती. मग पदर खोचून निघाली ती थेट आयांकडे. घरोघर. मी दारात उभा राहून बघत होतो, एका घरातून बाहेर, दुसऱ्यात आत. तिनं सगळं सांगितलं: सकाळी काय झालं, गॅस कुठून येत होता, आणि माझ्या नाकाचंही. उदबत्तीची गोष्टसुद्धा सांगितली, हे मला नंतर कळलं. तीन आयांनी मुलं काढून घेतली. त्यांचं चुकलं असं मी कधीच म्हणालो नाही. पहिलीतल्या छोटीच्या आईनं तिचा तो मागचा कोपरा बदलायला सांगितलं. पराठ्यांची आई मात्र म्हणाली, "आप गाड़ी में बैठोगी तो भेजूंगी. अंकलजी के भरोसे नहीं." हे सांगताना ही हसली नाही, पण तिच्या ओठाचा कोपरा हलला.

असा निर्णय झाला. वाढीव वॉरंटी घेतली नाही. सकाळी मुलं यायच्या आधी मी दाढी करतो, मग त्याच साबणानं, पण दुसऱ्या ब्रशनं, गाडीचे सगळे जोड तपासतो. दाढीचा ब्रश वेगळा ठेवायचा, ही अट तिची. मग ती माझ्या शेजारी बसते आणि छोटीला स्वतःजवळ पुढे घेते. मागचा कोपरा आम्ही रिकामा ठेवला. तिथे दफ्तरं. जाताना गाडी, येताना गाडी, मधल्या वेळात तिचे ब्लाउज. तिच्या गिऱ्हाइकांना कपडे उशिरा मिळायला लागले आणि त्याबद्दल त्यांनी मला बोल लावले.

वॉरंटी न घेतल्याचा पश्चात्ताप झाला का? एकदा झाला. दुसऱ्या वर्षी ते पेट्रोल-गॅसचं बटण बिघडलं. वॉरंटी असती तर फुकट बदलून मिळालं असतं. मेहुणा अजून विसरू देत नाही. "जिजाजी, ते बटण!" एवढंच म्हणतो आणि चहा मागतो.

आणि भीती? ती गेली नाही. गतिरोधकावर गाडी अजून गोगलगायीसारखी नेतो. पण आता मी आरशात दहा नाकं बघत नाही, शेजारचं एकच बघतो. ते निवांत असलं की मी गाणं म्हणतो. मुलं म्हणतात, अंकल, मत गाओ.

अजून आठवते ती त्या पहिल्याच थंडीतली एक सकाळ. जोड तपासून झाले होते, मुलं बसली होती, छोटी पुढे येऊन मधल्या जागेत चढली होती. ही शाल घेऊन आली, बसली, दार ओढून घेतलं. मी किल्लीला हात लावला आणि सवयीनं तिच्याकडे बघितलं. तिनं नेहमीसारखी मान हलवली नाही. शालीचा पदर नाकाला लावला, जोरात शिंकली, आणि म्हणाली,

"टाकीचा नळ बंद करून या. मला सर्दी झालीय. आज पेट्रोलवर चला."